लेकराची कमाई कोणाच्या खिशात?

हिवरखेड म्हटलं की वऱ्हाडात आधी विचारतात, कोणतं? तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, का मोर्शीकडचं, संत्र्यांचं? या लेखापुरतं कोणतंही चालेल. गणेशोत्सवात नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन्हीकडे एक तरी असं लेकरू निघतं, की ते मंचावर आलं म्हणजे मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर चढतात. डायलॉग चोख, नाच ठसकेबाज, भीती नावालाही नाही. कार्यक्रम संपला की चार जण त्याच्या बापाला घेरतात. "या पोराले टीव्हीत धाडा लागते हो. इथं ठेवून काय करता?"

अलीकडे या बोलण्याला वजन आलं आहे. २०१८ साली 'नाळ' आला आणि त्यातला चैत्या साकारणाऱ्या अमरावतीच्या श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये 'नाळ २' आला, त्यासाठीही २०२५ साली जाहीर झालेल्या पुरस्कारांत श्रीनिवासचं नाव होतं. आपल्या बोलीत बोलणारं आपल्याकडचं पोर दोनदा राष्ट्रीय पुरस्कार घेतं, मग आमचंच का मागे राहावं, असं बापाला वाटलं तर नवल नाही.

पण याच मंडळींना विचारून पाहा. दहा-बारा वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी वरणभातासोबत जो छोटा घरोघर दिसायचा, त्याचं नाव काय? तो आता काय करतो? डोकी खाजवली जातात. एवढा ओळखीचा चेहरा जातो कुठे हा एक प्रश्न झाला. त्या चेहऱ्याने कमावलेले पैसे जातात कुठे हा दुसरा. पहिल्याची चर्चा खूप होते, पण लेकराच्या दृष्टीने दुसरा जास्त कामाचा आहे. म्हणून आधी पैशाचाच माग काढू.

खलनायक हवा, कारण जाहिरात येते आहे

बालताऱ्यांच्या हालांची कहाणी जगाला पाठ झाली ती मुख्यतः अमेरिकी टीव्हीमुळे. २००१ मध्ये एबीसी वाहिनीने बालतारका शर्ली टेम्पलच्या लहानपणावर चित्रपट दाखवला. तो तिच्याच १९८८च्या आत्मचरित्रावर बेतलेला होता. कमावलेल्या ३२ लाख डॉलरपैकी आपल्या नावावर जेमतेम ४४ हजार उरले होते, असा हिशेब तिने त्या पुस्तकात मांडला आहे. २००६ मध्ये एनबीसीने 'डिफरंट स्ट्रोक्स' या गाजलेल्या मालिकेतल्या बालकलाकारांची पडद्यामागची गोष्ट दाखवली. त्यातल्या गॅरी कोलमनने मोठेपणी आपल्याच आईबापावर आणि माजी व्यवस्थापकावर दावा लावला होता, आणि १९९३ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने सुमारे १३ लाख डॉलरचा निकाल दिला होता.

या चित्रपटांची घडण पाहण्यासारखी असते. टीव्हीवरचा चित्रपट जाहिरातींनी कापलेला असतो. जाहिरात लागली की प्रेक्षकाचा हात रिमोटकडे जातो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी बिनसावं लागतं. करार मोडला, आईबापाचं भांडण झालं, बँकेत पैसेच नाहीत! दहा वर्षांत हळूहळू होत गेलेली गोष्ट सहा-सात झटक्यांत बसवायची, तर झटका देणारा माणूस लागतो. तो बहुधा बाप असतो, सावत्र बाप असतो किंवा मॅनेजर. पाहणाऱ्याला वाटतं, हा एक लोभी माणूस नसता तर सगळं ठीक झालं असतं.

खरोखरच तसं वाटावं असा एक खटला झालाही होता. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) मधला चिमुकला जॅकी कूगन त्या काळी जगातल्या सगळ्यात ओळखीच्या पोरांपैकी एक होता. लहानपणी त्याने ३० ते ४० लाख डॉलर मिळवले असावेत असा अंदाज आहे. १९३५ मध्ये वडील मोटार अपघातात गेले आणि आईने वडिलांच्याच व्यवसाय-सल्लागाराशी लग्न केलं. जॅकी सज्ञान झाल्यावर पैसे मागू लागला, तर हाती काही येईना. १९३८ मध्ये त्याने दावा ठोकला. आई म्हणाली, कायद्याने पोराची कमाई आईबापाचीच आहे. आणि कॅलिफोर्नियात तेव्हा कायदा खरंच तसा होता! जॅकीला अखेर सव्वा लाख डॉलरच्या आसपास मिळाले. पण बोभाटा एवढा झाला की १९३९ मध्ये राज्याला नवा कायदा करावा लागला, तो आजही कूगनच्या नावाने ओळखला जातो. त्यातही फटी राहिल्या होत्या. २००० साली दुरुस्ती होऊन कमाई मुलाचीच मालमत्ता ठरली आणि निदान १५ टक्के रक्कम त्याच्या नावाच्या राखीव खात्यात टाकणं आलं.

म्हणजे कूगनच्या घरात लोभ होता असं धरलं, तरी त्या लोभाला वाट कायद्याने करून दिली होती. टीव्हीच्या चित्रपटात आई दिसते, कायद्याचं कलम दिसत नाही. ते दाखवणार तरी कसं?

मराठी घरात हा साचा बसत नाही

आपल्याकडच्या दोन घरांवर हा साचा ठेवून पाहू.

२४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर पुण्यात वारले. नाटक कंपनी बुडालेली, चित्रपटातही खोट खाल्लेली. घरात पाच मुलं, थोरली लता साडेबारा वर्षांची. दीनानाथांचे स्नेही मास्टर विनायक यांनी तिला चित्रपटात काम मिळवून दिलं. त्याच वर्षीच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये ती दिसली, पुढे विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये 'माझं बाळ', 'गजाभाऊ' अशा चित्रपटांतून लहानसहान भूमिका करत राहिली. अभिनय आपल्याला कधीच आवडला नाही, तोंडाला रंग लावणं नकोसं व्हायचं, असं लताबाई पुढे मुलाखतींतून सांगत. पण घर चालवायचं होतं.

पाच वर्षं गेली. १९ ऑगस्ट १९४७ रोजी मास्टर विनायक स्वतःच गेले, वय अवघं ४१. त्यांची मुलगी नंदा तेव्हा आठ वर्षांची. ज्या माणसाने मित्राच्या मुलीला काम देऊन एक घर सावरलं, त्याच्याच मुलीवर तीच पाळी आली. १९४८च्या 'मंदिर'पासून ती 'बेबी नंदा' म्हणून पडद्यावर दिसू लागली, आणि १९५६च्या 'तूफान और दिया'मध्ये व्ही. शांतारामांनी तिला मोठी भूमिका देईपर्यंत घराचा भार उचलत राहिली.

यात खलनायक शोधून दाखवा. लताच्या आईला, माईंना, लोभी म्हणायचं, की विनायकांना? या दोन्ही घरांत लेकराने कमावलं आणि ते भावंडांच्या पोटात, भाड्यात, शिक्षणात गेलं. कोणी चोरलं नाही, कोणी उधळलं नाही. तरीही लेकराच्या बाजूने हिशेब मांडला तर निकाल कूगनसारखाच लागतो, शिल्लक काही नाही. लताबाईंचा गळा आणि नंदाचा मोठेपणीचा अभिनय नसता तर त्यांच्या बालपणाच्या कमाईचं काय उरलं असतं? एक चरित्रपट करण्याजोगी कथा उरली असती. सगळ्याच बालकलाकारांना पुढे पार्श्वगायन किंवा नायिकेची भूमिका सापडत नसते.

सही कोणाची, पैसा कोणाचा

अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्याकडे कायद्याने मुळातच रद्दबातल असतो. १८७२च्या करार कायद्यावर १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात तसा निकाल दिला, तो आजही चालतो. म्हणून निर्माता लेकराची सही घेतच नाही, आईबापाची घेतो. धनादेशही बहुतेक वेळा त्यांच्याच नावाने निघतो. घामाचा मालक एक आणि सहीचा मालक दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. त्यात वाईट हेतू असायची गरज नाही.

त्यात आपली एकत्र कुटुंबाची सवय मिसळते. घराच्या खर्चाने शिकलास, तर तुझी कमाई घराची, असं जुना हिंदू कायदा मानत असे. वकील झालेल्या मुलाची फीसुद्धा एकत्र मिळकतीत धरावी का, यावर खटले चालले. त्यावर १९३० साली कायदा झाला तो मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने. विद्येच्या बळावर मिळवलेलं धन ज्याचं त्याचं स्वतःचं, मग शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, असं त्याने ठरवलं. 'विद्या' या शब्दात धंद्यासाठी घेतलेलं सगळ्या प्रकारचं प्रशिक्षण धरलं. कायद्याचा पुस्तकी प्रश्न तिथेच सुटला. पण घरातली भाषा अजून १९२९ मध्येच आहे. "क्लासले आम्ही धाडलं, मुंबईच्या खोलीचं भाडं आम्ही भरलं" हे वाक्य कोणत्याही बालकलाकाराच्या घरी ऐकू येतं, आणि ते खोटंही नसतं.

मजा म्हणजे आयकर खात्याचा हिशेब याबाबत अगदी स्वच्छ आहे. अज्ञान मुलाच्या नावावर व्याज वगैरे उत्पन्न आलं तर ते आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात. पण मुलाने स्वतःच्या कलेने, कौशल्याने किंवा अंगमेहनतीने मिळवलेलं उत्पन्न त्याचं स्वतंत्र धरतात. म्हणजे घरात जो पैसा कोणाचा यावर बोलणंच होत नाही, तो कोणाचा हे कर भरताना लख्ख ठरलेलं असतं.

पाटाचं पाणी आणि ठिबक

मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला पुढची गोष्ट चटकन कळेल. विहिरीचं पाणी पाटाने सोडलं की वाटेतली कोरडी माती आधी पिते. त्यात मातीचा दोष नाही, ती तहानलेली असते. शेवटच्या कलमापर्यंत ओल पोचेल याची मात्र खात्री नसते. ठिबक टाकलं की वाटेतल्या जमिनीला वळसा घालून थोडंसं पाणी थेट बुंध्याशी पडतं.

आपल्या देशाने बालकलाकाराच्या कमाईला असं ठिबक लावलं ते २०१७ मध्ये. १९८६च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली, पण चित्रपट, मालिका, जाहिरातीतल्या कलाकारांना अटींवर सूट मिळाली. सर्कशीला ती सूट नाही. त्या अटी २०१७च्या नियमांत आहेत. त्यातली पैशाची अट अशी: कमाईचा निदान २० टक्के भाग थेट मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून टाकायचा, तो मूल सज्ञान झाल्यावर त्याला मिळावा म्हणून. गावातली पतसंस्था नाही, भिशी नाही, मामाच्या दुकानात व्याजाने नाही. आईबापाच्या खात्यातून मग इकडे वळवू, असंही नाही. 'थेट' या शब्दावर सगळा भर आहे.

बाकीचे ८० टक्के पाटानेच जातात. कोणाला हे प्रमाण कमी वाटेल, मलाही वाटतं. पण ज्या घरात खरंच चूल पेटायची आहे, त्या घराचा सगळा पैसा अडवून ठेवला तर पहिलं नुकसान लेकराचंच होईल, ही दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही.

┌─────────────────────
चौकट: चित्रीकरणाला जाण्याआधी एवढं माहीत हवं

हे नियम १४ वर्षांखालच्या कलाकारांसाठी आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त चित्रीकरण नाही, शाळा बुडता कामा नये आणि शिकवण्याची सोय निर्मात्याने करायची. जास्तीत जास्त पाच मुलांमागे सांभाळायला एक जबाबदार माणूस नेमलेला हवा. काम सुरू होण्याआधी निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरची, परवानगी घ्यायची आणि हमीपत्र द्यायचं. ते सहा महिने चालतं. आईबापाची संमती लागतेच, पण मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला कामाला उभं करता येत नाही. निदान २० टक्के कमाई मुलाच्या नावे मुदत ठेवीत.
└─────────────────────

गंमत अशी की बालताऱ्याच्या फरफटीवर चित्रपट काढायचा तर त्यासाठी दुसरं लेकरूच कॅमेऱ्यापुढे उभं करावं लागतं. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आठवून पाहा. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी स्वतःच्या मुलाला रोहिदास केलं, ते दाखवायला चित्रपटात एका मुलाला फाळक्यांच्या मुलाचं काम करावं लागलं. त्या सिनेमात फरफट नाही, सगळा खेळच आहे. पण रडका चरित्रपट असता तर रडण्याचे पाच-सहा टेक त्या पोराने द्यायचे असते. आज असा चित्रपट होईल त्याच्या सेटवर पाच तासांचं घड्याळ आधी लागेल.

चेहरा किती दिवस पुरतो?

आता पहिल्या प्रश्नाकडे. ओळखीचा चेहरा जातो कुठे?

ऑस्ट्रियाचे प्राणीवर्तनतज्ज्ञ कोनराड लॉरेन्स यांनी १९४३ मध्ये मांडलं की मोठं कपाळ, मोठे डोळे, फुगीर गाल असा चेहरा पाहिला की माणसाच्या मनात आपोआप माया दाटते. बाळाला सांभाळलं जावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. माणसाच्या पोरापुरतीच ती नाही, पिल्लूही त्यामुळेच गोड वाटतं. बालकलाकाराच्या लोकप्रियतेचा मोठा भाग या मायेवर चालतो, आणि ती मिळवायला लेकराला काही करावं लागत नाही. मग जबडा वाढतो, नाक लांबतं, आणि प्रेक्षकाची माया न सांगता आटते. लेकराचं काय चुकलं? काहीच नाही. पण त्याला मात्र आपण काहीतरी चुकलो असंच वाटतं.

माया आणि कसब वेगळं, हे फाळक्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) सुरू होतो तेव्हा आधी त्यांच्या सात वर्षांच्या मुलीचा, मंदाकिनीचा, नुसता चेहरा दिसतो. ती एकामागून एक भाव करून दाखवते. राग, हसू, रुसवा. मग ती कृष्ण होते. प्रेक्षकाने पोरगी गोड म्हणून सोडून देऊ नये, तिचं काम पाहावं, असंच जणू फाळक्यांनी आधी सांगून टाकलं.

मुलग्यांच्या बाबतीत आवाजाचा घाटही ओलांडावा लागतो. बारा ते पंधराच्या दरम्यान स्वरयंत्र झपाट्याने मोठं होतं, त्यातले पडदे लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. संगीत नाटकांच्या काळात कंपनीतल्या पोराचा आवाज फुटला की मालकाच्या पोटात गोळा यायचा. या घाटातून पार झालेल्यांकडे पाहिलं तर त्यांच्या हातात चेहऱ्याखेरीज काहीतरी होतं. प्रभातच्या 'गोपाळकृष्ण' (१९३८) मधला लाडका कृष्ण राम मराठे. त्यांनी पुढे सिनेमा सोडून मास्टर कृष्णरावांसारख्या गुरूंकडे गाणं शिकण्यात वर्षं घातली, आणि पंडित राम मराठे म्हणून 'मंदारमाला' नाटकापर्यंत पोचले. 'श्यामसुंदर' (१९३२) चा चौदा वर्षांचा शाहू मोडक १९४० मध्ये प्रभातचा ज्ञानेश्वर झाला. सचिन पिळगावकर 'हा माझा मार्ग एकला'मधून आले ते पुढे दिग्दर्शनात शिरले.

अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण झी मराठीच्या 'लिटल चॅम्प्स'चं. २००९च्या अंतिम फेरीतले पाच जण, कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत, आज मोठे होऊनही गाताहेत. २०२१च्या पर्वात तेच परीक्षकांच्या खुर्च्यांवर होते. गाणं शिकलेलं अंगात राहतं, आणि वय वाढलं म्हणजे ते पिकतं. मालिकेतल्या छोट्याला ही सवलत नसते, कारण त्याला शिकवलं गेलेलं असतं ते संवाद पाठ करणं आणि खुणेसरशी रडणं.

तेव्हा मुदत ठेव का हवी, याचं खरं कारण इथे आहे. बालकलाकाराचा धंदा पाच-सात वर्षांत संपायचाच असतो, आणि संपतो तो नेमका कॉलेजच्या फीची वेळ यायच्या थोडं आधी.

फटी

नियम आहेत म्हणून घर पक्कं झालं असं नव्हे. परवानगी द्यायची ती जिथे चित्रीकरण होतं त्या जिल्ह्याच्या कलेक्टरने. हिवरखेडचं पोर गोरेगावच्या चित्रनगरीत काम करत असेल तर कागद मुंबई उपनगर जिल्ह्याकडे जातात. पोराच्या स्वतःच्या जिल्ह्याला त्याची खबरही नसते. शाळेतल्या गुरुजींनाही पत्ता लागतो तो हजेरीपटावर सलग रेघा पडल्या म्हणजे.

पंधराव्या वर्षी हे ठिबक बंद होतं, कारण नियमातलं 'बालक' चौदापर्यंतचं. चौदा ते अठरा या वयात करारावर सही आईबापाचीच चालते, पण २० टक्क्यांची अट उरत नाही. आणि स्पर्धेच्या कार्यक्रमात मानधनच नसेल, नुसतं व्यासपीठ आणि टाळ्या असतील, तर शून्याचे वीस टक्के शून्यच. कपडे, क्लास, मुंबईतलं राहणं हा खर्च मात्र घराचा. म्हणून "पोराले टीव्हीत धाडा" म्हणणाऱ्यांच्या गर्दीत बापाने निर्मात्याला तीन गोष्टी विचारायला लाजू नये: परवानगीच्या कागदाची प्रत, सेटवर सांभाळणाऱ्या माणसाचं नाव, आणि ठेवपावती. तिसरी मागितल्यावर समोरचा जर "ते आपण नंतर बघू" म्हणाला, तर त्याने खरं उत्तर दिलेलंच असतं.

२०१७ साली तेरा वर्षांची असलेली मुलं २०२२ मध्ये अठराची झाली, आठ वर्षांची २०२७ मध्ये होतील. म्हणजे या नियमाखाली काढलेल्या ठेवी आत्ता कुठे पिकू लागल्या आहेत. अठरा पूर्ण झाले की बँक नव्याने ओळखपत्र, फोटो आणि सहीचा नमुना मागते. त्यानंतर ती ठेव मोडायची, पुढे चालू ठेवायची की इंजिनिअरिंगच्या फीला लावायची, हे ठरवायला आईबापाची सही लागत नाही.